मूठ लाकडाचीच हवी!

कुकरची शिट्टी झाली की नाडगौडासाहेब दोन्ही कानांवर हात ठेवतात. आणि हाच माणूस पिस्तुलांवर तासन्‌तास बोलतो.

इथे आखातात, महबूल्यात, ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. एका कंपनीत हिशेब तपासतात. खरं पिस्तूल त्यांनी जन्मात हातात धरलेलं नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी मी बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे इथली रोटी, घेऊन लिफ्टपाशी आलो, की ते मोबाइल माझ्या नाकासमोर धरतात.

"घाट बघा पाटणकर, घाट! शंभर वर्षांपूर्वीचं डिझाइन. अक्रोडाची मूठ, निळसर पोलाद. आणि आता हे बघा."

मी बघतो. तेच पिस्तूल, पण रंग मातकट, मूठ रबरी, नळीखाली टॉर्च, वरच्या पोलादाला खिडक्यांसारखी भोकं.

"छान आहे की."

"छान? आजोबांना फाटकी जीन्स घातलीय हो!"

मी घाईघाईने जुन्याला छान म्हणतो. तर "का छान, ते सांगा," म्हणून अडवतात. मला कळत काहीच नाही, आणि हातातला खुबूस गार होत जातो.

ही चित्रं त्यांच्या निनादची. तो कॅनडात व्हिडिओ गेमसाठी चित्रं काढायला शिकतो. जुन्या पिस्तुलांना नवा साज चढवतो आणि बापाला पाठवतो. मग फोनवर जुंपते. बाप मराठीत, मुलगा इंग्रजीत.

"मूठ लाकडाचीच हवी!"

"बाबा, नोबडी वॉन्ट्स वुड!"

हे वर्षभर चाललंय. ऐकून ऐकून मला आता दोघांचंही पटायला लागलंय.

गेल्या शुक्रवारी साहेब आमच्या दारात उभे. चेहरा उतरलेला. मोबाइलवर नवं चित्र होतं: लाकडी मूठ, निळसर पोलाद, टॉर्च गायब. खाली निनादचे शब्द, 'यू वर राइट, बाबा.'

"जिंकलात की! पेढे काढा," मी म्हणालो.

साहेब सोफ्यावर बसले. "रबराचीच बरी होती," म्हणाले.

मी पुरता चक्रावलो. "अहो, वर्षभर लाकूड लाकूड कोण करत होतं?"

ते मोबाइलकडेच बघत राहिले. "अभ्यासाचं विचारलं तर 'फाइन' म्हणतो. जेवलास का विचारलं तरी 'फाइन'. या पिस्तुलावरच काय तो माझ्याशी भांडतो, पाटणकर. आता काय बोलू त्याच्याशी?"

पिस्तुलातलं ओ की ठो कळत नसताना मी मोबाइल हातात घेतला आणि जाणकारासारखा डोळ्यांजवळ नेला.

"साहेब, आपल्या इथल्या घामाने लाकडी मूठ हातातून सटकणार हो."

"घाम!" साहेब ताडकन उठले. "हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता!"

तिथल्या तिथे त्यांनी फोन लावला. "निनाद, लाकूड चालणार नाही. रबर लाव."

"व्हॉट? बट बाबा, यू सेड..." पोरगं तिकडून असं ओरडलं, की आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं.

कुकरला कान झाकणाऱ्या साहेबांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.