बादलीवरचा बाप

आमच्या नेब्रास्कात सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींचे बाप ढिगानं सापडतील, पण कॉलेजभरतीचे नियम माझ्याइतके पाठ असलेला एकही सापडायचा नाही! ही बढाई नाही. माझी बायको जोलीन सांगते, की आमच्या लग्नाची तारीख मी दोनदा विसरलो, पण भरतीची तारीख मी, म्हणजे हा गॉर्डन पावेल्का, झोपेतही बरोबर सांगेन. एक सप्टेंबर, अकरावीचं वर्ष. त्याआधी कॉलेजच्या कोचनं मुलीशी बोलायचं नाही, तिच्या आईबापाशी बोलायचं नाही, फोन करायचा नाही, पत्राला उत्तर द्यायचं नाही. चुकून मैदानावर समोरासमोर आलेच, तर कोचनं 'हॅलो' म्हणायचं आणि पुढे चालायचं. बस. इतका सोपा नियम, आणि त्यानंच माझी अब्रू घालवली.

आमची मुलगी मार्नी पिचर आहे, म्हणजे बॉल टाकणारी. पिचरला रोज सराव लागतो, आणि सरावाला समोर बॉल झेलणारा कोणीतरी लागतो. हे काम बापाचं. एका मोठ्या बादलीत बॉल भरायचे, झाकणावर गादी ठोकायची आणि त्यावर बसून झेलत राहायचं. मार्नी आठ वर्षांची होती तेव्हापासून मी गॅरेजच्या मागे त्या बादलीवर बसतोय. दिवसभर लोकांचे एसी दुरुस्त करून यायचं आणि संध्याकाळी पोरीचे बॉल नडगीवर घ्यायचे. माझ्या डाव्या नडगीकडे बघून आमच्या डॉक्टरनं एकदा मला विचारलं होतं, की घरी सगळं ठीक आहे ना.

मार्नीला गुरांची डॉक्टर व्हायचंय. त्यासाठी तिला एकच कॉलेज हवं होतं, वेस्ट प्रेअरी स्टेट. तिथल्या कोच टीगबाई या वर्षी एकच पिचर घेणार होत्या आणि त्या जागेवर तीन राज्यांतल्या पोरींचा डोळा होता. त्या जुलैत कॅन्सासमधल्या मोठ्या स्पर्धेला आमची टीम जाणार होती आणि टीगबाई तिथे येणार अशी पक्की खबर होती. मार्नीनं आठवडाभर धड जेवण केलं नाही. मी मात्र निवांत होतो, कारण माझी योजना तयार होती.

योजना अशी, की मी आदर्श बाप व्हायचं. कोच लोक पोरीचा खेळ बघतातच, पण बाप कसा वागतो तेही टिपून ठेवतात. बाप पोरीची बॅग उचलतो का? जाळीला चिकटून ओरडतो का? पंचाशी भांडतो का? एका मुलीची जागा बापानं तिला पाण्याची बाटली नेऊन दिली म्हणून गेली, असं मी ऐकलं होतं. तेव्हा मी ठरवलं, की बॅगेला हात लावायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, पंचाकडे प्रेमानं बघायचं.

मैदानावर पोचलो आणि कोच मला लगेच सापडले. वेस्ट प्रेअरीचा रंग मरून, म्हणजे गडद तांबडा. जाळीच्या बरोबर मागे मरून शर्टातला एक उंच माणूस, डोळ्यांवर काळा गॉगल, हातात बॉलचा वेग मोजायचं रडारचं पिस्तूल. मी मनात म्हटलं, टीगबाईंनी मदतनीस पाठवलाय. मार्नी चाळीस पौंडांची बॅग ओढत चालली होती आणि मी त्या माणसासमोरून खिशात हात घालून, शीळ घालत गेलो. मार्नीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ती म्हणाली, "बाबा, बरं वाटत नाहीये का?"

खेळ सुरू झाला आणि माझी अडचण माझ्या लक्षात आली. मला गप्प बसता येत नाही. आठ वर्षं मी जाळीला नाक लावून बोललोय, ते एका दिवसात बंद कसं होणार? पंचानं पहिलाच चांगला बॉल बाहेरचा ठरवला आणि मी उसळून जाळीकडे निघालो. मरून शर्ट समोर उभा. ओरडायची सोय नाही.

तेवढ्यात मला आजीबाई दिसल्या.

जाळीपासून जरा बाजूला घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पंचावन्नच्या आतबाहेर, उन्हानं रापलेला चेहरा, मांडीवर वही. अंगात खाण्याच्या टपरीशेजारी विकतात तो गुलाबी टीशर्ट, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'सॉफ्टबॉलवाली आजी'. म्हणजे आपल्यातल्याच. मी बादली उचलली, त्यांच्या शेजारी ठेवली आणि बसलो.

"हॅलो," मी म्हणालो.

"हॅलो," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची उचलून दहा पावलं पलीकडे जाऊन बसल्या.

मला वाटलं, ऊन लागलं असेल. मीही बादली घेऊन गेलो. म्हातारं माणूस एकटं बसलेलं मला बघवत नाही. हळू आवाजात मी सुरुवात केली. ती बॉल टाकतेय ना, चौदा नंबर, ती माझी मुलगी. हा पंच आंधळा आहे. तो मरून शर्टवाला दिसतोय ना, तो वेस्ट प्रेअरीचा, त्याच्यासमोर मला बोलता येत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय.

आजींनी मरून शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. मी म्हटलं, बरोबर, त्याला ऐकू जायला नको. आणि आणखी जवळ सरकलो.

त्या पुन्हा उठल्या. या खेपेला खुर्ची मीच उचलली आणि झाडाच्या सावलीत नीट मांडून दिली. त्या काहीतरी बोलायला गेल्या, थांबल्या, आणि बसल्या. कमी ऐकू येत असावं असं वाटून मी आवाज थोडा चढवला.

आता काय काय सांगितलं ते लिहायलाही लाज वाटते. मी सांगितलं, की मार्नीच्या नावानं कॉलेजांना जाणारी पत्रं मीच लिहितो. एकेचाळीस कॉलेजांना लिहिलंय, 'तुमचं कॉलेज हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे.' त्यातल्या सात कॉलेजांची नावं मी पत्र लिहायच्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. पत्रात तिचा वेग ताशी बासष्ट मैल लिहिलाय, तो माझा मित्र बर्ट याच्या पिस्तुलावर मोजलेला. त्याच पिस्तुलानं बर्टची उभी गाडी ताशी चार मैलांनी पळताना दाखवली होती. तेव्हा चार वजा करा आणि अठ्ठावन्न धरा. आणि तिचा वर उसळणारा बॉल मी पत्रात फार रंगवलाय, पण तो काही उसळत नाही. सरळ जातो बिचारा.

आजी वहीत लिहीत होत्या. नातीचा हिशोब ठेवत असतील, मी म्हटलं. अशा आज्या स्पर्धेत पुष्कळ असतात.

तिसऱ्या डावात मार्नीनं सलग दोन मुली बाद केल्या आणि मी आनंदानं आजींना घरचा कोलाचे दिला. माझ्या सासूबाईंनी केलेला, जर्दाळूचा, असा गोड पाव गावात दुसरीकडे मिळत नाही. त्यांनी हात मागे घेतला. साखरेचा त्रास असेल, असं समजून मी तोही खाल्ला.

मग मला मागच्या वर्षीचा शेवटचा सामना आठवला आणि तोही सांगून टाकला. शेवटचा डाव, एका धावेनं आम्ही पुढे. समोरच्या मुलीनं मारलेला बॉल मार्नीनं झेलला, पंचानं बाद दिलं, आम्ही जिंकलो, मी जाळीवर चढलो! आणि ही बया पंचाकडे जाऊन म्हणते, झेल नव्हता, बॉल आधी जमिनीला लागला होता. पंचानं निर्णय फिरवला, पुढच्या दोन फटक्यांत आम्ही हरलो. मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही.

"सांगा आजी," मी म्हणालो, "अशा पोरीचं या जगात कसं व्हायचं?"

आजींनी लिहिणं थांबवलं होतं. मला वाटलं, त्यांनाही वाईट वाटलं. त्यामुळे कुणालाही कधी न सांगितलेलं तोंडातून निघून गेलं. दोन वर्षांनी ही जाईल. संध्याकाळी मी गॅरेजच्या मागे बादली घेऊन बसेन आणि समोर कोणी नसेल. एकेचाळीस पत्रं लिहिली खरी, पण प्रत्येक पत्र पाठवताना मनात एकच यायचं, नाही म्हणा. सगळ्यांनी नाही म्हणा. हे बोलून मी गॉगल लावला.

आजींनी त्यांचा गॉगल काढला. माझ्याकडे बघितलं.

"हॅलो," त्या हळूच म्हणाल्या. आणि खुर्ची घेऊन पार्किंगकडे निघून गेल्या.

मला वाटलं, बिचारीच्या डोक्यावर वयाचा परिणाम झालाय.

सामना आम्ही जिंकलो. मरून शर्ट माझ्याकडे येताना दिसला. हा नियम मोडणार होता! मी मागे सरकलो, हात वर केले आणि म्हणालो, की साहेब, एक सप्टेंबरच्या आधी आपल्याला बोलता येणार नाही. तो गोंधळला. त्यानं माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. तो रडारची पिस्तुलं विकत होता. पिस्तूल घेतलं तर पंधरा टक्के सूट.

मी कार्ड वाचत असतानाच आमच्या टीमची कोच बेव्ह पळत आली. मागे मार्नी.

"गॉर्डन," बेव्ह म्हणाली, "तू टीगबाईंशी तासभर काय बोलत होतास?"

"कोण टीगबाई?"

"अरे, त्या गुलाबी टीशर्टातल्या. सकाळी कोणीतरी त्यांच्या शर्टावर मोहरीची चटणी सांडली, टपरीवर या गुलाबीशिवाय दुसरा शर्टच मिळेना. त्या मला लांबून खुणा करत होत्या, की या माणसाला कोणीतरी आवरा."

मला बसावंसं वाटलं, आणि बादली पार त्या झाडाखाली राहिली होती. मार्नीनं विचारलं, की बाबा, तुम्ही काय काय सांगितलंत. मी सांगितलं. अठ्ठावन्न सांगितलं, पत्रं सांगितली, झेल सांगितला. गॅरेजमागचं तेवढं सांगितलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडलीही नाही. बॅग उचलून गाडीकडे गेली. मी बॅगेचं दुसरं टोक धरलं, तिनं ते ओढून घेतलं.

चार तासांनी घरी पोचलो. जोलीननं सगळं ऐकून एवढंच विचारलं, की कोलाचेसुद्धा दिलास का.

दुसऱ्या दिवशी मार्नीनं स्वतः टीगबाईंना पत्र लिहिलं आणि पाठवायच्या आधी मला दाखवलं. चारच ओळी होत्या. आधीचं पत्र माझ्या वडिलांनी लिहिलं होतं. माझा वेग अठ्ठावन्न आहे. मला गुरांची डॉक्टर व्हायचंय, म्हणून तुम्ही घेतलं नाही तरी मी तुमच्याच कॉलेजात येणार आहे. माझ्या वडिलांनी त्रास दिला असेल तर माफ करा, ते एरवी चांगले आहेत. त्या 'एरवी'वर मी दोन दिवस विचार करत होतो.

उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं, नियम होता. पण ऑगस्टभर तो नियम मला आवडेनासा झाला. मार्नी रोज सरावाला यायची, बॉल टाकायची, सराव संपला की घरात निघून जायची. मी झेलायचो. नेम मात्र दर वेळी नडगीवरच बसायचा.

एक सप्टेंबरला सकाळी सात वाजता फोन वाजला. मार्नीनं घेतला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. 'हो' म्हणाली, पुन्हा 'हो' म्हणाली, आणि एकदम खाली फरशीवरच बसली. जोलीननं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मार्नी फोनवर हात ठेवून म्हणाली, की टीगबाईंनी मला घेतलं. म्हणाल्या, वेग वाढवता येतो, बॉल उसळवायला शिकवता येतो, पण झेल नव्हता म्हणून पंचाला जाऊन सांगणारी मुलगी त्यांना वीस वर्षांत मिळाली नव्हती. आणि ती गोष्ट कोणी पत्रात लिहिली नव्हती.

माझे डोळे भरून आले. हसूही येत होतं. मार्नीनं फोन माझ्यापुढे धरला. "बाबा, त्यांना तुमच्याशी बोलायचंय."

मी फोन कानाला लावला.

"मिस्टर पावेल्का," टीगबाई म्हणाल्या, "आजपासून मला बोलायची परवानगी आहे. त्या दिवशी मी तीनदा जागा बदलली."

"हो," मी म्हणालो, "एकदा खुर्ची मीच उचलली."

"माझा नियम आज संपला. तुमचा आज सुरू होतोय. मार्नी इथे खेळेल तोवर, मैदानावर मी दिसले की काय म्हणायचं आणि पुढे काय करायचं, हे तुम्हाला पाठ आहे ना?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. आभार मानायचे होते, पत्रांचा खुलासा करायचा होता, गुलाबी टीशर्टाबद्दल तर खूपच बोलायचं होतं. जोलीन माझ्याकडे बघत होती, मार्नी बघत होती.

"हॅलो," मी म्हणालो, आणि फोन मार्नीकडे देऊन पुढे चालायला लागलो.