दहा पुड्या, एक दादा

तुम्हाला म्हणून सांगतो, चांगली कॉफी करणं ही काही फार मोठी गोष्ट नाही! चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय. तांदळाच्या दाण्यावर तीन मावतील असले स्क्रू चिमट्यानं उचलून जागच्या जागी बसवतो. असल्या माणसाला कागदाची एक पुडी कपाला अडकवून वरून गरम पाणी ओतायला कितीसं अवघड जाणार? सोमवारी सकाळी मी बायकोला हेच म्हणालो. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुड्या मुलीनं पाठवल्या होत्या. खोक्यात बरोबर दहा. प्रत्येक पुडीत एका कपापुरती कॉफीची पूड, दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे कान. वरून फाडायची, कान कपाच्या काठांना अडकवायचे, थोडं पाणी ओतून तीस सेकंद थांबायचं आणि मग बाकीचं पाणी हळूहळू सोडायचं. कॉफी थेंबथेंब खाली उतरते. दूध नाही, साखर नाही. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ‘चवीला किंचित आंबटसर, फळाची आठवण करून देणारी.’

आता मला एवढी घाई कशाची होती, ते सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, तीन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. चूक माझी होती. दादानं उभा जन्म एका कचेरीत नकाशे काढले. निवृत्त झाला तेव्हा कचेरीनं मोठा समारंभ केला, भाषणं झाली आणि साहेबांनी त्याच्या मनगटावर एक सोनेरी घड्याळ बांधलं. दादा लहान मुलासारखा खुलला होता. टाळ्या वाजत होत्या. त्यानं हात माझ्यापुढे केला आणि म्हणाला, “बघ रे, कसं आहे?” आणि मी, मूर्खानं, खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं! दहा सेकंद बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, “नकली आहे!”

टाळ्या थांबल्या. साहेब छताकडे बघायला लागले. दादानं हात मागे घेतला, बाही खाली ओढली, आणि त्यानंतर तीन वर्षं माझ्याशी एक शब्द नाही. मी पहिले सहा महिने घरी तावातावानं म्हणायचो, “खोटं काय बोललो मी? नकलीच होतं!” बायको म्हणायची, “तुम्हाला घड्याळाचं विचारलंच नव्हतं हो त्यांनी.” मला ते कळायला दीड वर्ष लागलं, आणि कळल्यावर फोन उचलायला धीर होईना.

तर त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, वहिनींचा फोन आला, बायकोला. दादा गुरुवारी नवा चष्मा घ्यायला आमच्या गल्लीतल्या दुकानात येणार होता. काचा बसवायला तासभर लागणार. वहिनी म्हणाल्या, “मी म्हटलं, तोवर भाऊजींकडे बसा. ते नाही म्हणाले नाहीत.”

दादा नाही म्हणाला नाही, म्हणजे येणार! माझ्या हाती एक तास आला होता. आमच्या सगळ्या खानदानात कॉफीचा खरा दर्दी एकटा दादा. मी ठरवलं, तोंडानं जे जमत नाही ते कपानं करायचं. अशी कॉफी पाजायची की दादा सगळं विसरला पाहिजे!

सरावाला नऊ पुड्या, दादासाठी एक. हिशेब सोपा होता.

पहिली पुडी मी चहाच्या पुडीसारखी पाण्यात बुडवून वरखाली केली. तिचे कान गळून पडले आणि पोट फुटलं. दुसरी फाडताना उलट्या बाजूनं फाडली. हे मी दुकानात करत होतो आणि समोर एका शिक्षकांचं घड्याळ उघडं पडलं होतं. सगळी पूड त्यात! दुपारभर मी चाकांच्या दात्यांतून कॉफीचा एकेक कण चिमट्यानं वेचत बसलो. संध्याकाळी शिक्षक आले, घड्याळ कानाला लावलं, मग नाकाला.

“याला वास कसला येतोय हो?”

“नवीन तेल आहे,” मी म्हणालो. “परदेशी!”

“छान आहे,” ते म्हणाले. “झोप उडाल्यासारखी वाटते.”

तिसरी पुडी रुंद मगावर लावली, कान पुरेनात. चौथी लहान कपावर लावली, ती तळाशी जाऊन कॉफीतच बसून राहिली. पाचवीत पाणी एकदम ओतलं, ते वरून सांडलं आणि माझ्या पायावर आलं. सहावीपासून मात्र मी माणसात आलो. स्टॉपवॉच घेतलं, इंजेक्शनच्या सिरिंजनं पाणी मोजलं, बुधवारी दुपारपर्यंत नववी पुडी अशी उतरली की काय सांगू!

हे सगळे कप प्यायलं कोण? बायको!

“जमलंय का गं?” मी विचारलं.

“जमलंय हो. आता मला शेजारच्यांच्या घरातली भांडणं भिंतीतून ऐकू येतात. बास करा!”

मग माझं लक्ष किटलीकडे गेलं. विजेची किटली, आणि तिच्या तळाशी पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर. मी म्हणालो, “या किटलीतलं पाणी दादाच्या कॉफीत? शक्य नाही. ही आतून आरशासारखी पाहिजे!”

“बघते मी,” बायको म्हणाली.

गुरुवारी सकाळी अकराला दहा कमी असताना ती पायांत चपला घालत होती. दोघा भावांना एकटं बसता यावं म्हणून मुद्दाम बहिणीकडे निघाली होती. दारातून ओरडली, “किटलीत पाणी घालून ठेवलंय. तासभर तसंच राहू दे, हात लावू नका!”

मला केवढं कौतुक वाटलं! म्हटलं, बघा, तीन दिवसांत ही पण तयार झाली. पाणी निवळायला ठेवलंय! आणि तास होत आलाच असणार, कारण ती पहाटेपासून स्वयंपाकघरात होती.

अकराला दादा आला. बारीक झाला होता. केस सगळे पांढरे. मी “ये” म्हणालो, तो “हं” म्हणाला. मग आम्ही दोघांनी मिळून बराच वेळ पंख्याकडे बघितलं. माझ्या मनात एक वाक्य तयार होतं, दीड वर्षापासून घासूनपुसून ठेवलेलं. पण तोंडातून निघेना. आणि दादाच्या मनगटावर ते घड्याळ होतं! तेच, सोनेरी! सोन्याचा मुलामा कडांना उडालेला, आणि घड्याळ सात मिनिटं मागे. माझी बोटं शिवशिवली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.

“कॉफी करतो,” मी म्हणालो आणि सगळा सरंजाम टेबलावर मांडला. किटली लावली, पाणी उकळलं, मिनिटभर थांबलो. शेवटची पुडी सरळ बाजूनं फाडली. कान कपाला बसले. दादा खुर्ची पुढे ओढून बघायला लागला. नकाशे काढणारा माणूस, नीटनेटकं काम दिसलं की त्याला राहवत नाही.

“आता काय?”

“आता थोडं पाणी, आणि तीस सेकंद थांबायचं.” मी खिशातलं स्टॉपवॉच काढणार, तेवढ्यात दादानं मनगट वर केलं.

“थांब. मी सांगतो तीस सेकंद.”

मंडळी, त्या घड्याळाचा सेकंदकाटा अडखळत होता! वीसवर येऊन तिथल्या तिथे थरथरायचा, मग दमलेल्या माणसासारखा एक पाऊल टाकायचा. दादा त्याच्याकडे टक लावून बघतोय, मी पुडीकडे. माझ्या डोक्यातलं घड्याळ चाळीस म्हणालं, पन्नास म्हणालं, सत्तर म्हणालं. पूड निवत चालली. जीव नुसता कासावीस झाला.

“झाले तीस!” दादा म्हणाला. “बरोबर आहे ना?” आणि त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, हे तो कॉफीबद्दल विचारतच नाहीये.

“अगदी बरोबर, दादा,” मी म्हणालो. चाळीस वर्षांच्या धंद्यात वेळेबाबत मी पहिल्यांदा खोटं बोललो, आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

बाकीचं पाणी सोडलं. कॉफी उतरली. पुडी एकच होती, म्हणून माझ्यापुढे रिकामा कप. दादानं पहिला घोट घेतला. त्याचा एक डोळा मिटला. खांदे कानांपर्यंत आले आणि सावकाश खाली गेले.

“कशी आहे?”

दादानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “असली कॉफी मी जन्मात प्यालो नव्हतो.”

दुसऱ्या घोटाला त्याचे डोळे भरून आले. मला राहवेना! सख्खा भाऊ, तीन वर्षांनी माझ्या हातची कॉफी पितोय आणि त्याच्या डोळ्यांत पाणी! माझ्याही डोळ्यांत आलं. एकेक घोट घेत, मध्येमध्ये टेबलाचा काठ घट्ट धरत, त्यानं सगळा कप संपवला. मग त्याचा हात माझ्या खांद्यावर पडला. “निघतो. चष्मा झाला असेल,” म्हणाला, आणि दारातच विचारलं, “गूळ आहे का रे घरात? खडाभर दे.” मी मूठभर दिला.

बायको आली तेव्हा मी गुणगुणत कप विसळत होतो.

“किटली ओतलीत का?” तिनं विचारलं.

“ओतली म्हणजे? कॉफी केली तिच्यात. काय सुरेख झाली!”

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. “अहो, त्यात मी लिंबूफूल घातलं होतं! थर निघायला! चांगलं चार चमचे!”

लिंबूफुलाला, म्हणजे त्या आंबटढाण पांढऱ्या खड्यांना, वास नसतो, हे मला त्या क्षणी समजलं. किटलीच्या तळाशी राहिलेला एक थेंब मी जिभेवर ठेवला. माझे खांदे कानांपर्यंत आले.

आता काय करायचं? गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण खुर्चीत बसवेना. दादा टेबलाचा काठ धरून बसला होता, ते डोळ्यांपुढून हलेना. शेवटी मी फोन लावला.

“दादा, कॉफी आंबट होती.”

“होती.”

“अरे, किटली धुवायचं लिंबूफूल होतं त्यात! तुला कळलं नाही?”

“पहिल्या घोटालाच कळलं.”

“मग बोलला का नाहीस?”

दादा म्हणाला, “तू समोर रिकामा कप घेऊन बसला होतास. माझ्या तोंडाकडे बघत होतास. मला नाही सांगवलं रे.”

मग दीड वर्ष अडकलेलं ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. घासूनपुसून ठेवलेलं नव्हे, भलतंच, मोडकंतोडकं. “दादा, मी चुकलो. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी असं बोलायला नको होतं.” बायको ओट्याशी माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि पुसलेली किटली पुन्हा पुसत होती.

“बरं बरं,” दादा म्हणाला. “चष्म्याची काडी कानामागे टोचतेय. पुढच्या गुरुवारी यावंच लागेल मला तिकडे.”

“ये की! जरूर ये! मी मुलीला सांगून आणखी एक खोका—”

“पाणी दे,” दादा म्हणाला. “नळाचं. आणि माझ्या डोळ्यांसमोर भर.”