कुप्पुरावांना पसंत न पडलेली कॉलेजं

कॉलेज पारखायची कुप्पुरावांची एक रीत होती. आधी फळा बघायचा, मग खडू, मग प्यायचं पाणी आणि सगळ्यात शेवटी प्रिन्सिपॉल. रिकाम्या वर्गात शिरून ते फळ्यावरून बोट फिरवायचे, बोटाकडे निरखून बघायचे आणि म्हणायचे, "परवाइल्ले." तमिळमध्ये याचा अर्थ 'ठीक आहे, चालेल'. कुप्पुरावांच्या तोंडी त्याचा अर्थ असायचा, 'चला, दुसरं कॉलेज बघू'.

हा सगळा खटाटोप गणितासाठी होता, आणि कुप्पुरावांना गणित येत नव्हतं. "चौदाचा पाढा समोरून येतांना दिसला कीं मी रस्ता बदलतों," असं ते स्वतःच सांगायचे. त्यांची पदवी इतिहासाची. नोकरी आमच्याच फॅक्टरीत, हेडक्लार्कची. मी मशीन शॉपमध्ये. मद्रासजवळच्या आवडी गावात, फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये, आम्ही खाली राहायचो, ते वर.

आम्ही साताऱ्याहून बदलून आलो त्या दिवशी सामान उतरत असतानाच ते जिन्यात येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री.

"तुम्ही कोठील?"

"साताऱ्याचे."

"आम्हीहि तिकडीलच. थोडें आधीं निघालों."

थोडं म्हणजे तीनेकशे वर्षं. त्यांचे पूर्वज तंजावरला गेले ते तिथलेच झाले. नाव कुप्पुस्वामी, पुढे राव. जेवणात सांबार-भात, आणि बोलणं असं, की कुणीतरी वर बसून बखर वाचतंय असं माझ्या बायकोला, नलिनीला, पहिले काही दिवस वाटायचं. त्यात सूर तमिळ. साधं "जेवण जाहलें?" विचारलं तरी शेवटचा स्वर जिना चढून जायचा.

तेव्हा वर ते आणि त्यांच्या सीताबाई दोघंच असत. मूलबाळ नव्हतं. पुढे एका पोंगलच्या आधी सीताबाई गेल्या. त्यानंतर वरून आवाज यायचा तो फक्त रेडिओचा. तोही तमिळ.

आमची माधवी बारावी झाली ते वर्ष. एक्क्याऐंशी-ब्याऐंशीपर्यंत नावही न ऐकलेली खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजं तोवर मद्रासच्या आसपास उगवली होती. सरकारी कॉलेजातली जागा माधवीची थोडक्यात हुकली आणि खाजगीतलं डोनेशन ऐकून मी खाली बसलो. पोरगी मात्र शांत होती.

"मला यंत्रं नकोतच, बाबा. यंत्रामागचं गणित हवंय. अप्लाइड मॅथेमॅटिक्स."

हे काय प्रकरण असतं ते मला ठाऊक नव्हतं. चौकशी केली तर नुसतं गणित गल्लोगल्ली मिळत होतं, अप्लाइड मात्र मोजक्या ठिकाणी. त्यातली काही कॉलेजं महाग, काही इतकी लांब की हॉस्टेलचा खर्च झेपणार नाही. मला शनिवारीही शॉप असायचा. नलिनीचं तमिळ भाजीवालीच्या पुढे जात नव्हतं.

तेव्हा कुप्पुराव खाली आले. "मी नेतों पोरीला. माझी रजा सांचून सांचून आंबली आहे."

असे सुरू झाले त्यांचे शनिवार. सकाळी धोतर-कोट-छत्री, हातात स्वतः केलेल्या चिंचेच्या भाताचा डबा, आणि जिन्यातून हाक, "माधवी, गाडी आपल्यास्तव थांबणार नाहीं!" स्टेशनवर पोचल्यावर पाऊण तास दोघं बाकावर बसून असत. गाडी चुकायची भीती त्यांना इतकी होती, की बहुधा ते आधीच्या गाडीच्याही आधी पोचायचे.

संध्याकाळी माधवी येऊन हकिकत सांगायची आणि आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

प्रत्येक कॉलेजात कुप्पुराव एकच प्रश्न विचारत. "अप्लाइड म्हणजे हें गणित कशास लावितां?" एका प्राध्यापकानं सांगितलं, रॉकेटला. "पोरीस रॉकेटमध्यें बसावयाचें नाहीं." दुसरे म्हणाले, बँकेला. "बँकेला बेरीज पुरते." तिसऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, ते सिलॅबसमध्ये आहे म्हणून शिकवतो. कुप्पुराव छत्री उचलून उठले.

एका चकचकीत कॉलेजात डोनेशनची गोष्ट निघाली तेव्हा ते तिथल्या मॅनेजरला तमिळमध्ये म्हणाले, "हे कॉलेज आहे की लग्नाचं कार्यालय? नवरी माझी, विद्या तिची, आणि हुंडाही आम्हीच द्यायचा?" सैदापेटच्या पुढचं एक कॉलेज फीला स्वस्त होतं, पण त्याचे जिने उंच निघाले. "तीन वर्षांत पोरीचे गुडघे जातील." चेटपटच्या बाजूला एक सगळ्या दृष्टीनं बरं होतं. तिथे त्यांना पाणी मचूळ लागलं.

मजा मजा म्हणता जून सरत आला. चांगली कॉलेजं भरत चालली. नलिनीला रात्री झोप येईना.

"तुमच्या कुप्पुरावांना स्वर्गातलं कॉलेज दाखवलं तरी ते इंद्राला विचारतील, खडू कुठला वापरता. पोरीचं वर्ष जाईल अशानं."

तिचं खरं होतं. मी माधवीला विचारलं, तर ती म्हणाली, "बघतायत ना काका," आणि पुस्तकात डोकं घातलं. शेवटी मीच रजा टाकली आणि त्या शनिवारी दोघांबरोबर निघालो. मला बघून कुप्पुरावांचा चेहरा जरा उतरला. डब्यातला भात दोघांपुरताच होता, असं काहीतरी ते पुटपुटले.

"आज जे बघू, तिथे नाव घालायचं," मी गाडीतच सांगून टाकलं.

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. अंबत्तूर गेलं, विल्लिवाक्कम गेलं. मग म्हणाले, "सरी, बरें तर. मग पेरांबूरला उतरूं."

स्टेशनपासून जवळच मुलींचं एक जुनं, सरकारी अनुदानावर चालणारं कॉलेज होतं. फाटकातला वॉचमन कुप्पुरावांना बघून उठून उभा राहिला आणि हसला. मला नवल वाटलं. गणित विभागाच्या प्रमुख बाई चष्मा पुसत बाहेर आल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या,

"या, मिस्टर राव! मुलीचा विचार झाला वाटतं एकदाचा? किती आठवडे तुमच्या शब्दावर जागा धरून ठेवलीय मी. परवा यादी लागते. आज आला नसतात तर माझाही इलाज नव्हता."

माधवीनं त्यांच्याकडे बघितलं. मी बघितलं. कुप्पुराव छताचा पंखा बघत होते.

हळूहळू उलगडलं ते असं. शोध सुरू झाला त्याच आठवड्यात एक दिवस ऑफिसातून लवकर सुटून ते एकटेच इथे आले होते. बाईंशी तासभर बोलले होते, माधवीचे मार्क सांगितले होते, फी आमच्या आवाक्यातली आहे याची खात्री केली होती. जागा पक्की करून ते घरी आले, आणि पुढच्या शनिवारी माधवीला घेऊन सैदापेटचे जिने मोजायला गेले.

प्रवेश तासाभरात झाला. परतीच्या गाडीत बसलो. राग होता, आणि तो काढावा तर समोर हा माणूस छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून शाळेतल्या पोरासारखा बसलेला.

"कुप्पुराव, आधी सांगितलं असतंत तर? बायको माझी झोपत नाही."

"चुकलों," ते म्हणाले. मग म्हणाले, "सांगितलें असतें तर शनिवार संपला असता कीं."

माधवी त्यांच्या शेजारी बसली होती. तिनं डबा उघडला आणि भात तिघांत वाटला.

पुढच्या शनिवारी मी शॉपमधून आलो तर नलिनी दारातच. "अहो, आज काका तयार होऊन जिन्यात आले. कोट, छत्री, सगळं. माधवी कॉलेजला गेलेली. थोडा वेळ उभे राहिले आणि परत वर गेले. मला हाक मारायला सुचलंच नाही."

आठवड्यापूर्वीपर्यंत रात्री जागणारी ही बाई आता त्यांच्यासाठी डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी शर्ट घातला आणि वर जाऊन दार वाजवलं.

"चला, कुप्पुराव. कॉलेज बघायचंय."

"कोणासाठीं?"

"माझ्यासाठी. मी आयटीआयवर अडकलोय. डिग्री राहिली."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "विषय?"

"अप्लाइड मॅथेमॅटिक्स."

"अय्यो! तुम्हांस गणित कोठें येतें?"

"तुम्हाला तरी कुठं येतं?"

"आणि आज रविवार. कॉलेजें बंद."

"बंद कॉलेज बघायला फी पडत नाही."

हे त्यांना एकदम पटलं. ते आत जाऊन कोट घालून आले.

गाडी रिकामी होती. बराच वेळ ते आपल्या बखरीतल्या मराठीत बोलत राहिले. तंजावरच्या घराविषयी, सीताबाईंच्या हातच्या आंबट वरणाविषयी, ऑफिसातल्या भांडणांविषयी. मी नुसता हं हं करत होतो.

"ऑफिसांत तमिळ, बाजारांत तमिळ, साहेबापुढें इंग्रजी," ते म्हणाले. "ही आमची भाषा मी आणि ती, दोघेंच बोलत होतों. ती गेल्यावर मी कोणाशीं बोलावें? माधवी ऐकते. 'जाहलें' म्हटलें कीं हंसते, पण ऐकते." छत्रीची मूठ ते अंगठ्यानं पुसत होते. "वरती भांडें पडलें तर दचकतों. मग ध्यानांत येतें, आपणच पाडलें. दुसरें कोण पाडणार?"

गाडी थांबली. फलाटावर किटल्या घेऊन एक माणूस फिरत होता.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"कॉफी," कुप्पुराव म्हणाले, आणि मला बसायला सांगून स्वतःच खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी दोन पेले मागितले.