भांडारात ओला माल घेतला जात नाही

जो दिसतो तो कामावर असतो आणि जो दिसत नाही तो रजेवर असतो. या तत्त्वावर जगातली सगळी कार्यालयं उभी आहेत, आणि ती अजून पडलेली नाहीत, हाच त्या तत्त्वाचा पुरावा.

अडचण झाली ती नदीच्या वळणावरच्या चिखलामुळे. पुराचं पाणी दर वर्षी तिथे पसरतं, महिना-दोन महिने मुक्काम करतं आणि जाताना लोण्यासारखा मऊ गाळ ठेवून जातं. गाळाच्या पोटात पालापाचोळा कुजतो, त्यातून मिथेन वायू सुटतो आणि बुडबुड्या-बुडबुड्याने वर निघतो. (हा वायू आकाशात साठला की पृथ्वीला गोधडी पांघरल्यासारखं उकडतं. तूर्त ऊब पुरेशी आहे.) पण गाळाच्या वरच्या बोटभर थरात काही जिवाणू राहतात, ते हा वायू खाऊन टाकतात. शंभरातले ऐंशी भाग तर वर पोचतच नाहीत. हे काम ते माणसाच्याही आधीपासून करत आले आहेत. विनापगार, विनासुट्टी, आणि कार्यालयाच्या मते सर्वांत गंभीर बाब म्हणजे, विनापरवाना.

हा प्रकार उघडकीला आणला मातीवाल्या बाईंनी. बाई कनिष्ठ माती तपासनीस. अकरा वर्षं कनिष्ठ राहण्याचं सातत्य त्यांनी दाखवलं होतं. गुडघाभर बूट घालून त्या चिखलात उतरत, काचेची नळी हळूच आत सारत आणि तापातल्या लेकराच्या छातीला कान लावावा तशा वाकून बुडबुडे मोजत. मोजता मोजता गुणगुणत:

वर पाणी, खाली गाळ, मधे कुणाचं गं घर?
न्याहारीला वायू खाती, वारा पिती घोटभर.

(नमुने घेताना गुणगुणण्यास मनाई करणारा नियम सापडलेला नाही. शोध चालू आहे.)

त्या वर्षी वळणावर भराव टाकून, फरशी बसवून फिरायची जागा करायचं ठरलं. चौदा बाकं, सहा दिवे आणि पाणी बघता यावं म्हणून एक कृत्रिम तळं. बाईंनी कागद लिहिला: फरशीखाली वारा जाणार नाही, जीव गुदमरून मरतील, भराव टाकू नये.

साहेब दयाळू होते. त्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. ते समिती नेमत.

"बाई, माझं मन तुमच्या बाजूने आहे," ते म्हणाले. "पण मनाला जावक क्रमांक नसतो. महिनाअखेरीपर्यंत जिवंत जिवाणूंचा अहवाल आणा, वळण वाचलं म्हणून समजा. अहवाल मात्र आपल्याच प्रयोगशाळेचा. बाहेरचा चालत नाही."

दरम्यान समितीने मूलभूत प्रश्नांना हात घातला. सदर जिवाणू कायम आहेत, हंगामी की रोजंदारीवर? चमचाभर चिखलात काही लाख असतील तर हजेरीपट किती जाड लागेल? आणि जेवण हेच ज्यांचं काम, त्यांची जेवणाची सुट्टी कशी मोजावी? (या शेवटच्या प्रश्नावर दोन दिवस चर्चा झाली. दोन्ही दिवस जेवणाच्या सुट्टीत.)

प्रयोगशाळेत नमुना जातो तो भांडारातून. भांडारपाल बाईंना वडिलांसारखे. त्यांच्या डब्यातली भाजी हक्काने चाखणारे.

"काका, हा नमुन्याचा डबा आजच आत पाठवा. जीव आहेत त्यात."

"जीव असोत नाहीतर जिन्नस. ओलं आहे ना?"

"चिखल ओलाच असतो, काका."

"तेच म्हणतोय मी. ओला माल आपण घेत नाही."

"वाळवला तर मरतील हो ते."

"मरतील, पण नोंद तर होईल. आता जिवंत आहेत, तर आहे का कुठे नोंद?"

ज्यांना उत्तर नसतं तेच प्रश्न कार्यालयात टिकतात.

नियमाला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी भांडारात सिमेंटची पोती भिजून दगड झाली आणि ठपका या काकांवर आला. तेव्हापासून ते लोकांच्या ओल्या छत्रीकडेही संशयाने बघत. बाई साहेबांकडे गेल्या. साहेबांनी कागदावर लिहिलं: नियमानुसार व्हावे. बाई दिवसभर भांडाराच्या बोळात डबा मांडीवर घेऊन बसल्या. ओलं फडकं गुंडाळत, मधूनमधून झाकण उघडून वारा देत. मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा त्यांनी डबा खिडकीतून आत सरकवला.

काकांनी तो ओव्हनमध्ये ठेवला. एकशेपाच अंश, चोवीस तास. "तुझा आहे म्हणून एक तास जास्त ठेवतो," ते मायेने म्हणाले. "उगीच कुणी शंका काढायला नको."

अहवाल वेळेत आला. नमुना: उत्तम कोरडा. जिवंत जिवाणू: शून्य. वायू खाण्याची क्षमता: आढळली नाही. शेरा: डबा स्वच्छ, झाकण घट्ट.

"वाईट वाटून घेऊ नका," साहेब म्हणाले. "शून्य अगदी अचूक आलंय."

तरीही कार्यालय एकतर्फी वागत नाही. भरावाआधी वर्तमानपत्रात नोटीस दिली गेली. वळण कुठलं, बाईंचे आकडे काय, नमुना कसा वाळवला, सगळं प्रामाणिकपणे, बारीक टायपात. पंधरा दिवसांत कुणाही नागरिकाची एक हरकत आली असती तर नियमाने नव्याने, ओल्याची ओली तपासणी करावी लागली असती. कर्मचाऱ्याची हरकत चालत नाही, म्हणून बाई रोज सकाळी आवक टेबलापाशी जाऊन उभ्या राहत.

"आला का कागद?"

"आला की. पंख्याच्या दुरुस्तीचा."

पंधराव्या दिवशी संध्याकाळी लिपिकाने रकाना भरला. हरकती: शून्य. हे शून्य मिळवायला काही वाळवावं लागलं नाही. सोळाव्या दिवशी पहिला डंपर वळणावर रिकामा झाला. बाई बूट घालून कडेला उभ्या होत्या. बुडबुडे थोडा वेळ आले, मग यायचे थांबले.

या सहकार्याबद्दल कार्यालय आपलं आभारी आहे. हो, आपलंच. सहाव्या पानावर त्या नोटिशीला खेटून शब्दकोडं होतं. आडवा शब्द, तीन अक्षरी: डोळ्यांना न दिसणारा जीव. तुम्ही तो बरोबर भरला होता. पेनाने, एकही खाडाखोड न करता.