घोडाछाप मलम

सासूबाईंची ट्रंक आपणच उचलावी, असे महिपतीने ठरवले. गिरणीतल्या कारकुनाच्या कमरेला झेपेल असा तो निर्णय नव्हता. पण दगडाबाई अखेर उद्याच्या मोटारीने नातेपुत्याला निघणार होत्या, आणि आनंदात माणसाचे अंदाज चुकतात. ट्रंक उंबऱ्यापर्यंत पोचली. महिपती वाकलेलाच राहिला.

"उसण भरली," दगडाबाई म्हणाल्या. "जावईबापू, पालथं निजा. मी पायाळू हाय. एक लाथ बसली की उसण पळती."

(पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो. त्याच्या लाथेने उसण जाते, यावर शुक्रवार पेठेत एकमत होते. जावयाच्या पाठीबाबत मात्र मतभेदास जागा होती.)

"लाथ?" महिपती फरशीकडे पाहत म्हणाला. "मी मॅट्रिक झालेला माणूस आहे!"

"ऱ्हाऊ द्या. तुमी बरं होईस्तवर मी काय जात न्हाय."

हे ऐकताच तो तसाच काटकोनात औषधवाल्या शिवलिंगप्पाच्या दुकानी गेला. शिवलिंगप्पाने गोळ्या दाखवल्या, बाम दाखवला, आणि शेवटी उधळत्या घोड्याचे चित्र असलेली एक डबी काढली.

"हे घोड्याचं. लई जालीम."

काड्यापेटी वाघछाप, चहा हत्तीछाप. मग मलम घोडाछाप असायला काय हरकत? महिपतीने डबी खिशात घातली.

"जपून, मालक," शिवलिंगप्पा म्हणाला. "चोळताना लाथ बसंल."

सासूबाईंची कीर्ती इथवर पोचल्याचे पाहून महिपती खजील झाला. "ती चुकवायलाच तर औषध नेतोय!"

घरी त्याची बायको बजाबाई हिने मलम चोळले. क्षणभर गार वाटले. मग पाठीवर निखारे पसरले. महिपतीने फोडलेली किंकाळी ऐकून, दुखणे बळावले असे समजून, दगडाबाई पदर खोचून धावल्या आणि त्यांनी पाय उचलला. महिपती उसळला, आणि अंगणातल्या हौदापर्यंत सोट्यासारखा ताठ धावला.

"बगितलंस बजे? निस्ता पाय उचलला, तर पळाली की!"

आता मान वर होत असल्याने महिपतीने डबीवरचे इंग्रजी प्रथमच वाचले. मलम फक्त घोड्यांसाठी व बैलांसाठी होते. किंकाळी ऐकून जमलेल्या शेजाऱ्यांसमोर त्याने विचारपूर्वक सर्व श्रेय सासूबाईंच्या पायाला दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शीळ घालत ट्रंक दाराबाहेर नेली. अंगणात निम्मी पेठ कमरेवर हात ठेवून वाकलेली उभी होती.

"ह्यास्नी टाकून कशी जाऊ?" दगडाबाईंनी पदर खोचला. "ट्रंक आत घ्या, जावईबापू. आता कंबर बरी हाय की तुमची!"