परेरा कुठले?

निमंत्रित आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत आंतरराष्ट्रीय म्हणावा असा संघ एकच होता, कोलंबोचा. ती भरवणाऱ्या मोरवा गावच्या दत्तारामकाकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"अगं, दुधात थेंबभर विरजण पडलं की अख्ख्या पातेल्याचं दही होतं ना?"

"होतं," रुचिता म्हणाली. ती काकांची पुतणी, रसायनशास्त्रात एमएस्सी, आणि म्हणूनच स्पर्धेची चिटणीस. "पण तापमान बरोबर लागतं, काका."

तापमान चढलं ते शनिवारी सकाळी, पाहुण्या संघाची यादी फळ्यावर लागल्याबरोबर. शेजारच्या खारी गावच्या लवूने ती मोठ्याने वाचली. "परेरा, फर्नांडो, डिसिल्व्हा, मेंडिस... अरे, ही तर आपल्या उत्तनच्या कोळीवाड्याची टीम हाय! हा परेरा आमच्या आळीत बोंबील विकाया येतो!"

लवूला त्याच तारखेला त्याच मैदानावर क्रिकेट भरवायचं होतं. पण परदेशी संघ असल्याच्या अटीवर मैदान मोरव्याला मिळालं होतं. तो तडक रिक्षा करून गेला आणि पालिकेच्या मैदान निरीक्षकांनाच घेऊन आला. त्यांचं नाव समाधान. ते मात्र त्यांचं कधी होत नसे.

"पासपोर्ट दाखवा."

पासपोर्ट काशिमीऱ्याच्या हॉटेलात ठेवलेले. आणायला मोरव्याचाच एक पोरगा, निकेत, बाइकवरून गेला होता आणि ट्रॅफिकमध्ये अडकला होता. "दहा मिनटांत पोचतोय," असं त्याने दहा पाचला, दहा वीसला आणि दहा चाळीसला सांगितलं. रुचिताने तिन्ही वेळा टिपून ठेवल्या.

"साडेअकरापर्यंत पुरावा नसेल तर मैदान खाली करा," समाधानसाहेब म्हणाले.

काकांचा चेहरा उतरला. भाईंदरभर लागलेल्या बॅनरांवर 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाखाली त्यांचाच हात जोडलेला फोटो होता.

रुचिताने प्रयोग सुचवला. "साहेब, त्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्या."

संघाचे मॅनेजर परेरा छातीवर हात ठेवून उभे राहिले. "मगे नम परेरा."

"घ्या!" लवूने टाळी वाजवली. "मगे नाव परेरा! मराठीच हाय की!"

"ही सिंहली आहे," रुचिता म्हणाली. "'मगे नम' म्हणजे माझं नाव."

"आणखी बोला," साहेब म्हणाले.

मंडपातून कालवणाचा वास येत होता. परेरा एक लांबलचक वाक्य बोलले. त्यात 'बत्' हा शब्द दोनदा आला.

"काय मागतोय तो?" साहेबांनी विचारलं.

रुचिताने मोबाइलवर पाहिलं. खोटं बोलणं तिच्या शास्त्रात बसत नव्हतं. "भात," ती हळूच म्हणाली.

"भात!" लवू नाचायचाच बाकी राहिला.

"भात मागतो तर वाढा ना त्याला," मागून मंडपात रांधणाऱ्या प्रभावतीकाकूंचा आवाज आला. "पाव्हना उपाशी ठेऊन कसला पुरावा बघता?" त्यांनी भात वाढला, वर बोंबलाचं कालवण ओतलं. एक वाटी साहेबांना दिली, एक लवूलाही.

परेरांनी दोन घास खाल्ले आणि इंग्रजीत अदबीने काहीतरी विचारलं.

"काय म्हनतो?" काकूंनी विचारलं.

रुचिता काकूंकडे न बघता म्हणाली, "छान आहे म्हणतायत. पण जरा फिकं आहे, थोडं तिखट मिळेल का?"

काकूंनी पळी खाली ठेवली.

"साहेब, लिवून घ्या. ह्यो आपल्याकडचा न्हाय. उत्तनचा मानूस माझ्या कालवनाला फिकं म्हनंल काय?"

लवूला विरोध करायचा होता, पण त्याला उचकी लागली होती. साहेबांनी खात्री म्हणून एक घोट घेतला, रुमालाने डोळे टिपले आणि परवानगीच्या कागदावर सही केली.

काकांनी शिट्टी मागवली. तेवढ्यात परेरांनी हात वर केला. त्यांचं बोट मोरव्याच्या यादीवर होतं. रुचिताने भाषांतर केलं, पण तिचा आवाज पडला होता.

"साहेब, त्यांची तक्रार आहे. आपला गोलकीपर रोशन डिसिल्व्हा. ते म्हणतायत, या नावाची माणसं कोलंबोत गल्लोगल्ली आहेत. आपण त्यांच्याच देशाचा माणूस पळवलाय."

"अरे, मी उत्तनचा आहे!" रोशन ओरडला.

"आधार कार्ड?" साहेबांनी पुन्हा पेन उघडलं.

"घरी राहिलंय."

काकूंनी आणखी एक वाटी भरली आणि रोशनपुढे सरकवली.

"जेव," त्या म्हणाल्या. "आनि चांगला ठसकून दाखव."