शंभर काठ्यांचा राजा

हॅलोविनच्या संध्याकाळी अमेरिकेतल्या आमच्या फ्रीमाँटच्या टाउनहाउस कॉलनीत सोंगं घेतलेल्या पोरांना प्रत्येक दारात चॉकलेट मिळतं. फक्त शेजारच्या कुमुदमावशींच्या दारात आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते. चेटकिणी, सांगाडे, डायनोसॉर वगैरे मंडळी सुटतात. त्यांना मावशी न बघताच मूठभर चॉकलेटं देतात, कारण तो त्यांचा विषय नाही. पण पट्ट्या गुंडाळलेलं एखादं पोर किंवा सोनेरी मुखवट्याचा फॅरो, म्हणजे इजिप्तचा राजा, दिसला, की हातातला वाडगा पाठीमागे जातो.

"व्हाय आर यू वॉकिंग? ममी डझ नॉट वॉक. ममी झोपते!"

गेल्या वर्षी एक बारका फॅरो दोन्ही हात पसरून आला. मावशींनी ते हात स्वतः त्याच्या छातीवर क्रॉस करून बसवले. "असं! आता हलायचं नाही." पोरगं इतकं गुणी, की चॉकलेट घ्यायलाही हात सोडवेना. शेवटी त्याच्या आईने पिशवी पुढे केली.

मावशी मूळच्या नागपूरच्या. तिथल्या एका शाळेत त्यांनी तीसेक वर्षं इतिहास शिकवला आणि काका गेल्यावर इथे मुलीकडे, मृणालकडे, आल्या. त्यांच्या पाठ्यपुस्तकात तुतनखामेन अर्ध्या पानात आटोपला होता. त्याचा राग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. राजाला त्या नुसतं 'तुत' म्हणतात, तेही सख्ख्या भाच्याबद्दल बोलावं तसं. "नऊ वर्षांचं पोरगं गादीवर बसलं, एकोणिसाव्या वर्षी गेलं. आणि तुम्ही लोक त्याच्या नावानं मोजे विकून राहिले!"

अमेरिकेत तुतवाचून काही अडत नाही हेच त्यांचं दुःख. टी-शर्टवर तुत, फ्रिजच्या चुंबकावर तुत, व्हिडिओ गेममध्ये तुत. आमच्याकडे कुणीतरी भेट दिलेला टिश्यूचा डबा आहे, त्यात तुतच्या नाकातून कागद ओढायचा असतो. मावशींनी तो बराच वेळ उलटापालटा करून पाहिला, पर्समधून लाल पेन काढलं आणि बुडाशी लिहिलं: 'दहापैकी दोन. दाढी बरी.' तो डबा त्या लाल शेऱ्यासकट आजही आमच्याकडे आहे.

एकदा मी गंमत म्हणून विचारलं, "मावशी, ते थडगं उघडणाऱ्यांना शाप लागला म्हणे?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पुराव्यानिशी बोल. माणसं आजारानं मेली, म्हातारी होऊन मेली. एक पोरगं तीन हजार वर्षं गुपचूप झोपलं होतं, त्याचं घर तुम्ही फोडलं आणि खापर त्याच्याच डोक्यावर?"

या 'तुम्ही'त मी कसा आलो ते कळलं नाही, पण मी सॉरी म्हणालो. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मावशींना टाळू लागलो. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतानासुद्धा आधी खिडकीतून अंदाज घ्यायचो.

मग इराचा प्रश्न उभा राहिला. इरा माझी मुलगी, अकरा वर्षांची, सहावीत. तिचं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. तीन ऑपरेशनं झाली आणि शेवटच्यानंतर डॉक्टरांनी काठी दिली. ती घडी होऊन दप्तरात मावते, आणि इराच्या मते तिने तिथेच राहावं. शाळेत इरा भिंतीच्या आधाराने लंगडत चालते.

या वसंतात शाळेत वॅक्स म्युझियम होतं. इकडे ही एक पद्धत आहे: मुलं इतिहासातली माणसं बनून पुतळ्यासारखी उभी राहतात, पायाशी कागदाचं लाल बटण असतं, त्यावर पाहुण्याने पाय ठेवला की पुतळा स्वतःची माहिती सांगतो. चिठ्ठीत इराला नेमका तुत आला. पुतळा व्हायला तिची ना नव्हती. पण त्याआधी प्रत्येक पुतळ्याने सगळ्या पालकांसमोर अख्खं जिम, म्हणजे शाळेचा खेळाचा हॉल, एकट्याने ओलांडायचं होतं.

"आय ॲम नॉट गोइंग," इरा म्हणाली. "बाबा, तो किंग आहे. किंग्ज डोन्ट लिंप."

मी समजावलं, आमिषं दाखवली, शेवटी चिडलो. काही उपयोग झाला नाही. मग बुडत्याला काडीचा आधार म्हणून तिला मावशींकडे घेऊन गेलो.

मावशींनी तिला धीर वगैरे काही दिला नाही. एक जाड पुस्तक उघडून समोर ठेवलं. "हे बघ. राजा बाण मारून राहिला. व्हॉट इज राँग?"

इरा चित्रावर वाकली. "ही इज सिटिंग."

"करेक्ट. बसून कोणी शिकार करते का? आता थडग्यात काय सापडलं ते वाच."

इराने ओळीखाली बोट ठेवून वाचलं. शंभराहून जास्त काठ्या. काही तर वापरून झिजलेल्या.

"सो ही हॅड अ फूट लाइक माइन?"

मी जिवाचा कान करून ऐकत होतो. मावशींनी फक्त हो म्हणावं म्हणून डोळ्यांनी खुणासुद्धा केल्या. त्यांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"डावं पाऊल वाकडं होतं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे," त्या इराला म्हणाल्या. "काहींना ते पटत नाही. मी तिथं नव्हते, म्हणून होतंच असं मी सांगणार नाही. पण काठ्या आहेत. आता त्यावरून काय समजायचं, ते तू ठरव."

इराने दप्तर उघडलं, काठी काढली आणि तिची घडी उलगडली.

"आजी, डू यू हॅव गोल्ड टेप?"

म्युझियमच्या दिवशी इरा रांगेत शेवटची होती. जिमच्या मधोमध भिंत नव्हती, धरायला काही नव्हतं. हातात सोनेरी-काळ्या पट्ट्यांची काठी. ठक, पाऊल. ठक, पाऊल. अर्ध्यात मुकुट डोळ्यांवर घसरला, तेव्हा तिने थांबून काठीच्या मुठीनेच तो वर सारला आणि सावकाश, राजाला शोभेल इतक्या सावकाश, पुढे निघाली. मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो.

दुसऱ्या वर्गातही एक तुत होता, झगझगीत मुखवटा घालून आलेला. तो म्हणाला, "टट डिडन्ट हॅव अ केन."

"ही हॅड ओव्हर अ हंड्रेड," इराने पुतळेपणा सोडून सुनावलं. "व्हेअर्स युअर्स?"

पाच मिनिटांनी तो तुत फरशी पुसायच्या मॉपची दांडी घेऊन उभा होता. त्याचं पाहून एका रोमन सम्राटानेही कुठून तरी हॉकी स्टिक पैदा केली.

इरासमोरची रांग दारापर्यंत गेली. मावशी सर्वांत पुढे. त्यांनी बटणावर पाय ठेवला, सगळं भाषण ऐकलं आणि पुन्हा पाय ठेवला. चौथ्यांदा ठेवल्यावर राजा हळूच म्हणाला, "आजी, अदर पीपल आर वेटिंग."

तेवढ्यात कुणाच्या तरी वडिलांनी इराला विचारलं, त्या काठ्या कशाच्या होत्या? इराला येईना. तिने काठीनेच मावशींकडे खूण केली. "आस्क माय टीचर."

सगळे वळले. एकदम तीन-चार जण बोलू लागले. मावशींनी पदर सावरला.

"वन बाय वन! हँड्स अप!"

आणि काय सांगू, चांगल्या चाळिशीतल्या डॉक्टर-इंजिनिअर मंडळींनी निमूट हात वर केले.

परतताना मी गाडीत मावशींना विचारलं, "दमलात का?"

"नाही रे." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "इथं येऊन सहा वर्षं झाली. सगळे विचारतात, जेवल्या का, गोळी घेतली का, थंडी तर नाही वाजत. मृणाल विचारते, तूही विचारतो. चांगलेच आहात तुम्ही. पण मला जे येते, ते कोणी विचारलंच नव्हतं, बापा. ते या पोरीनं विचारलं."

मला मान वळवून त्यांच्याकडे बघवेना. आमची कॉलनी जवळ आली होती. मी विचारलं,

"मावशी, तुतच्या नंतर गादीवर कोण आलं?"

त्या सीटवर सरसावून बसल्या. "आय नावाचा एक म्हातारा. पण थांब, आधी तुतचा बाप समजून घे, नाहीतर सगळा घोटाळा होईल." त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा लागला. आमचं वळण आलं. मी ते जाऊ दिलं.

"बाबा, यू मिस्ड अवर टर्न," इरा मागून म्हणाली.

"माहितीये," मी म्हणालो. "तू ऐक."